दादाची मान आणि मधला ग

आमच्या दादाला लोक मोठा कलावंत म्हणतात. म्हणोत बापडे! मी त्याची धाकटी बहीण. तो वर राहतो, मी खालच्या खोलीत राहून लोकांचे कपडे शिवते. सगळा जन्म त्या अकॉर्डियनच्या आवाजाखाली काढलाय मी, तेव्हा खरं काय ते माझ्याकडून ऐका. दादाच्या अकॉर्डियनची एक पट्टी पहिल्या दिवसापासून मुकी होती. दाबली की आत जायची, पण आवाज म्हणाल तर शून्य. आणि तो सूर आला की दादा त्या जागी मान हलवायचा. झालं. बाकीचं सगळं लोकांनी चढवलं.

हे सुरू कसं झालं ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई बहिणीच्या नात्याने जळते.

आमचे बाबा साबणाच्या कारखान्यात होते. कारखान्याच्या सोडतीत त्यांचा नंबर लागला. बक्षीस म्हणून दुकानात जाऊन एक वस्तू निवडायची होती. आईने सकाळी बजावून पाठवलं होतं की शिवणयंत्र आणा. बाबा संध्याकाळी घरी आले ते छातीशी अकॉर्डियन धरून. का, तर म्हणे दादा डबे फार छान बडवतो. आईने बाबांकडे असं बघितलं की मी टेबलाखाली जाऊन बसले. बाबा घाईघाईने म्हणाले, "अगं, बिघाड निघाला तर महिन्याच्या आत बदलून देणार आहेत. मग यंत्रच घेऊ."

आईचा चेहरा जरा निवळला. खुर्ची ओढून ती समोर बसली आणि म्हणाली, "वाजव रे. एकेक पट्टी वाजव. सावकाश."

ती गाणं ऐकायला बसली नव्हती, बिघाड ऐकायला बसली होती. दादाला ते कळत होतं. आठ वर्षांचं पोर, पण या बाबतीत पक्कं. त्याने खालून सुरुवात केली. खालचे सूर वाजले. मग मधला सा वाजला. रे वाजला. मधल्या ग वर बोट ठेवलं आणि काहीच नाही. मी टेबलाखालून त्याचं तोंड बघत होते. पांढरंफटक पडलं होतं. वाद्य हातात येऊन चहा निवायचा सुद्धा वेळ झाला नव्हता आणि ते परत जायला निघालं होतं. तेवढ्यात दादाने काय करावं? डोळे मिटले, मान अशी झोकात खाली टाकली, वर घेतली, आणि पुढचा म वाजवून मोकळा झाला.

"वा!" बाबा ओरडले. "मान बघितलीस? पोराच्या रक्तात आहे गं!"

"मधे काहीतरी राहिलं," आई म्हणाली.

"राहिलं नाही. ती जागा आहे. संगीतात जागा असते."

बाबांना संगीतातलं काय कळत होतं म्हणाल, तर साबण घसरतो एवढंच कळत होतं. पण बापाने एकदा वा म्हटलं की पोराला दुसरं काय लागतं? आईने महिनाभर रोज ऐकलं. रोज त्या जागी दादाने मान टाकली. महिना संपायला आला तेव्हा आईची मानही त्या जागी आपोआप खाली जायला लागली होती, आणि मग ती बिघाड काय शोधणार, कपाळ?

आता तुम्ही म्हणाल, महिना उलटल्यावर तरी सांगायचं. मीही हेच म्हटलं. पण तोवर बाबा कारखान्यातल्या लोकांना घरी आणून मान दाखवायला लागले होते. "बघा हं, आता टाकेल. टाकली! बघितलीत?" एवढ्या लोकांसमोर बापाला तोंडघशी कसं पाडायचं? दादाने नाही पाडलं. मग वर्षं गेली, आणि पुढे पुढे मला वाटतं तो विसरूनच गेला. एकदा मी चिडून म्हटलं, "दादा, तो ग वाजत नाही रे तुझा." त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाला, "वाजतो की. तुझं लक्ष नसतं, छबे."

छबी म्हणजे मी. नाव नाही ते, पण दादाने ठेवलंय म्हटल्यावर कोण बदलणार.

मोठा झाल्यावर दादा नगरपालिकेच्या बँडमध्ये लागला. बागेत गोल चबुतरा आहे, त्यावर दर रविवारी हा बँड वाजतो. पहिल्याच रविवारी दादाने मान टाकली आणि बाकडी भरून बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँडमास्तरांनी ते हेरलं. मधला ग ज्यात वारंवार येतो अशीच गाणी ते निवडायला लागले. मग बासरीवाला त्या जागी मान टाकायला लागला, मग ढोलवाला, मग सगळा बँड. कुणीच ग वाजवेना. सगळ्यांची वाद्यं ठणठणीत, पण ग आला की वाद्यं खाली आणि माना खाली. बँडचे गणवेश मी शिवते, म्हणून सांगते, त्या कोटांच्या कॉलरी मागून आधी विरतात. कापड कितीही चांगलं घ्या, वर्षाच्या आत मानेपाशी भोक. मी शेवटी आतून दुहेरी पट्टी लावायला सुरुवात केली.

दादाकडे मुलं शिकायला येऊ लागली. त्यांची अकॉर्डियन नवीकोरी, सगळे सूर जागच्या जागी. दादा त्यांना पहिल्याच दिवशी सांगायचा, "ही पट्टी दाबायची नाही. इथे मान." एका मुलीने चुकून दाबली, तर बाकीची मुलं तोंडावर हात ठेवून हसायला लागली. बिचारी रडली. पुन्हा कधी दाबली नाही तिने.

आणि मग हे लोण शहरभर पसरलं हो! बागेतली गाणी सगळ्यांच्या तोंडी होतीच. पाववाला पाव भाजताना गुणगुणायचा आणि मान टाकायचा. आया बाळांना थोपटताना गुणगुणायच्या आणि मान टाकायच्या, बाळंही टाकायची आणि झोपायची, ते एक चांगलं झालं. न्हावी मात्र वैतागले. एकाने तर पाटी लावली की दुकानात गुणगुणू नये, कान गेल्यास आम्ही जबाबदार नाही. बाहेरगावचे फिरते विक्रेते आमच्याकडे यायचे आणि परत जाताना म्हणायचे, इथले लोक फार चांगले, सगळ्याला हो म्हणतात. मग माल घ्यायची वेळ आली की त्यांना कळायचं.

दादाचं लग्नही तसंच झालं. वहिनी तेव्हा बागेसमोरच्या चष्म्याच्या दुकानात होती. दर रविवारी दुकान बंद करून पहिल्या बाकावर येऊन बसायची. एका रविवारी कार्यक्रम संपल्यावर ती सरळ दादासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्याशी लग्न कराल का?" दादाच्या डोक्यात अजून गाणं चालू होतं. त्याने मान हलवली. वहिनी अजून म्हणते, "वन्सं, ते मला हो म्हणाले की त्या पट्टीला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण संसार झाला बाई चांगला." झाला खरा.

एकदा वहिनीच्या माहेरच्या लोकांनी कौतुकाने त्याला नवं अकॉर्डियन पाठवलं. चकचकीत, लाल, सगळ्या पट्ट्या बोलक्या. दादाने ते थोडा वेळ वाजवलं, खाली ठेवलं आणि म्हणाला, "चांगलं आहे. पण यात एक सूर जास्त आहे." परत पाठवून दिलं! एक बाई रेकॉर्ड करायला आल्या होत्या मोठं मशीन घेऊन. त्या म्हणाल्या, "अहो, मधे मधे भोकं ऐकू येतायत, मान काही रेकॉर्डवर दिसत नाही." दादा म्हणाला, "मग तुमचं मशीन बरं नाही." त्या मशीन उचलून गेल्या.

असं सगळं छान वेड्यासारखं चाललं होतं. मग दादाच्या हातातून चमचा पडायला लागला.

आधी आम्ही हसलो. मग कप पडला. मग शर्टाची बटणं लागेनात. एक दिवस मी वर गेले तर दादा अकॉर्डियन मांडीवर घेऊन बसला होता आणि डाव्या हाताच्या बोटांकडे बघत होता. म्हणाला, "छबे, ही माझीच आहेत ना गं? काही लागतच नाही यांना." हसत म्हणाला, पण मला धडकी भरली.

वहिनी आणि मी त्याला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर शहरात नवे होते, त्यांना काही माहीत नव्हतं. मानेचा फोटो काढला, उजेडात धरला, आणि बराच वेळ बघतच राहिले. "काम काय करता? ओझी उचलता?"

"अकॉर्डियन वाजवतो," दादा म्हणाला.

"मानेने?"

मी आणि वहिनी एकमेकींकडे बघायला लागलो. शेवटी वहिनी म्हणाली, "तसं म्हटलं तर, थोडंसं."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की मान वर्षानुवर्षं अशी झोकात टाकून टाकून मणके झिजलेत आणि हाताला जाणारी नस दबलीय. आता मान हलवायची नाही. बिलकूल नाही. पट्टा बांधायचा. नाही ऐकलं तर दोन्ही हात कायमचे जातील. मग ते म्हणाले, "वाजवायला माझी काही हरकत नाही. खुशाल वाजवा. फक्त मान स्थिर ठेवा. कळलं?"

दादाने मान हलवली.

"अहो, हेच!" डॉक्टर ओरडले.

तो पट्टा बांधला नि दादा हनुवटी वर करून भिंतीवरच्या पालीकडे बघत असल्यासारखा दिसायला लागला. मी त्या पट्ट्याला बँडच्या कोटाच्या कापडाचा अभ्रा शिवून दिला, तेवढंच बरं दिसावं म्हणून. पण दिसण्याचं काय घेऊन बसलात! दादा वाजवायला बसायचा, सा, रे असं करत त्या जागेपाशी यायचा आणि थांबायचा. पुढे जाईचना. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा, पुन्हा तिथेच थांबायचा. मान टाकावी तर हात जाणार, न टाकावी तर गाणं पुढे जात नाही. तिसऱ्या दिवशी त्याने अकॉर्डियनला हात लावणं सोडलं. जेवायला बोलावलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा. माझा दादा, ज्याच्या आवाजाला मी जन्मभर शिव्या घातल्या, तो वर बसलाय आणि वरून आवाज येत नाही, हे मला सहन होईना. मी खाली यंत्र चालवायची आणि मधेच पाय थांबवून ऐकायची. काही नाही. असाच राहिला तर हा माणूस सहा महिने काढत नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मग मी ठरवलं, आता बास. बाजारामागे टाइपरायटर आणि वाद्यं दुरुस्त करणारा एक बुवा बसतो. वहिनी दादाला पट्टा तपासायला डॉक्टरकडे घेऊन गेली तेव्हा मी बुवाला घरी बोलावलं. त्याने अकॉर्डियनचा पुढचा भाग उघडला, नाकावर चष्मा चढवला, आणि म्हणाला, "डिंक आहे."

"काय आहे?"

"डिंक. पट्टी दाबली की आत एक झडप उघडते, हवा जाते, सूर वाजतो. ही झडप चिकटलीय. कारखान्यात डिंक जास्त लागला असणार. कधी उघडलीच नाही ही."

त्याने पातळ सुरी आत सरकवली. टक् असा आवाज आला. सुटली झडप! आई शिवणयंत्रासाठी महिनाभर कान लावून बसली, बाबांनी कारखाना गोळा केला, अख्ख्या शहराने माना मोडून घेतल्या, आणि सगळं कशापायी, तर डिंकाच्या थेंबापायी. मी तिथेच खाली बसले. हसू की रडू कळेना.

बुवाने पट्टीवर बोट ठेवलं. मी झडप घालून त्याचा हात धरला. "वाजवायचं नाही!"

"बाई, तपासायला नको?"

"नको. तो सूर या घरात कधी वाजला नाही. दादाच्या पाठीमागे तुम्ही वाजवायचा नाही."

"न तपासता काम दिलं म्हणून माझं नाव खराब होईल."

"होऊ दे. मी कुणाला सांगत नाही."

तो पुटपुटत गेला. संध्याकाळी दादा आला, मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, बरं वाटेल त्याला. कसलं काय! पट्टा बांधलेला, त्यामुळे तो अख्खा माझ्याकडे वळला, कपाट वळवावं तसा. "माझ्या वाद्याला परका हात लावू दिलास?"

"दादा, नुसता डिंक होता रे! डिंकासाठी हात घालवतोस?"

"बाबा म्हणाले होते जागा आहे."

"बाबा साबण करायचे, दादा!"

हे बोलले आणि जीभ चावली. दादाचा चेहरा आठ वर्षांच्या पोरासारखा झाला होता. त्या दिवसापासून त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. मी समोर बसलेली असले तरी वहिनीला म्हणायचा, "खालच्या बाईंना सांग, मीठ इकडे द्या." मीही वहिनीला म्हणायची, "वरच्या साहेबांना सांगा, हात आहेत अजून, घ्या." वहिनी मीठ मधे ठेवायची. आणि ती पट्टी? तिच्याकडे तो ढुंकून बघेना. बाकी पट्ट्या फडक्याने पुसायचा, ती सोडून.

इकडे बँडमास्तर हवालदिल झाले होते. शहरात नवं सभागृह बांधून पुरं होत आलं होतं आणि उद्घाटनाला बँड वाजणार होता. दादाशिवाय बँड म्हणजे काय? मास्तर घरी आले, पट्ट्याला हात लावून बघितला, आणि त्यांच्या डोक्यातून ती कल्पना निघाली. म्हणाले, "तुम्ही हातांनी वाजवा. मानेला आपण माणूस ठेवू."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण नाही! बँडमध्ये त्रिकोणी घंटी वाजवणारा एक इसम होता, त्याला सगळे टिंग्या म्हणायचे. एका गाण्यात एकदा टिंग केलं की त्याचं काम संपायचं, मग उभ्या उभ्या नखं बघत बसायचा. त्याला दादाच्या शेजारी उभं केलं आणि मानेचं काम दिलं. ग आला की दादा थांबणार, टिंग्या मान टाकणार, दादा पुढे जाणार. दादाला हे कसं पटलं देव जाणे, पण पटलं. वरून पुन्हा आवाज यायला लागला. मी खाली यंत्रावर डोकं टेकून जरा रडले आणि मग बँडच्या लोकांना शिव्या घालत त्यांचे नवे कोट शिवायला बसले.

पहिले दोन रविवार ठीक गेले. तिसऱ्या रविवारी टिंग्याने केस वळवून आणले. चौथ्या रविवारी त्याने मानेचे प्रकार सुरू केले, आधी लहान मान, मग डावीकडून मान, मग डोळे अर्धे मिटून अशी काही मान की पहिल्या बाकावरच्या बायका "अगं बाई!" म्हणाल्या. लोक त्याला फुलं आणून द्यायला लागले. मग तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, माझ्या कोटाची कॉलर जरा उघडी ठेवा, मान दिसली पाहिजे." आणि कळस म्हणजे तालमीत दादाला म्हणाला, "जरा सावकाश घ्या ना, मला टाकायला जागाच मिळत नाही."

दादा त्या दिवशी घरी आला तो धुमसत. आणि महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलला. "छबे, माझा सूर तो वाजवतोय गं!"

"मग तू वाजव," मी म्हटलं.

तो उठून वर गेला. मी कान लावून बसले. सगळ्या पट्ट्या वाजल्या, ती सोडून.

उद्घाटनाचा दिवस आला. सभागृह असं गच्च भरलं होतं की भिंतीलगत लोक उभे होते. मी आणि वहिनी पुढून दुसऱ्या रांगेत. पडदा उघडला तर टिंग्या दादाच्याही पुढे उभा, उघड्या कॉलरचा कोट घालून. गाणं सुरू झालं. पहिला ग आला, टिंग्याने मान टाकली, सगळ्या सभागृहाने टाकली. दुसरा आला, टाकली. टाळ्या पडल्या. मग गाण्यातली मोठी जागा आली, जिथे तो ग लांबवर धरायचा असतो. टिंग्याने दोन्ही हात पसरले, कमरेपासून मागे गेला, आणि सगळा जीव एकवटून मान अशी खाली टाकली की काडकन आवाज आम्हाला ऐकू आला.

मान खाली गेली ती वर आलीच नाही. अडकली! टिंग्या हनुवटी छातीला लावून उभा, हात पसरलेले, चेहरा लालबुंद. आणि लोकांना काय वाटलं असेल? लोकांना वाटलं, केवढी ही जागा! सगळं सभागृह मान खाली घालून, आपापल्या चपलांकडे बघत, टिंग्या कधी वर येतो याची वाट बघत बसलं. बँडमास्तरांची मान खाली. ढोलवाल्याची खाली. पाववाला, न्हावी, डॉक्टरसुद्धा, जे दोन महिन्यांपूर्वी या शहरात आले होते, त्यांचीही खाली. एक पान हलेना.

फक्त दादाची मान वर होती. त्याला खाली घालताच येत नव्हती. आणि मी त्याच्याकडे बघत होते, कारण मला बाकी कुणाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचा भाता अर्धा उघडा होता. तो डावीकडे बघायला गेला, बघता येईना. उजवीकडे, बघता येईना. समोर बघितलं तर सगळ्यांच्या टाळू. गाणं मधेच उभं होतं आणि ते पुढे न्यायला कुणी नव्हतं. डॉक्टरांचे शब्द माझ्या कानात घुमत होते. टाकली त्याने मान, ओढून तोडला पट्टा, तर संपलं. मी मनातल्या मनात ओरडत होते, दादा, नको रे, नको!

त्याचे डोळे माझ्यावर येऊन थांबले. ओठ जरासे हलले. मग उजव्या हाताचं बोट हळूच सरकलं आणि त्याने ती पट्टी दाबली.

वाजला हो. ग वाजला.

काय सांगू तुम्हाला! दादाच्या अकॉर्डियनचा आवाज मला पाठ. घोगरा, जरा धाप लागल्यासारखा, खालचे सूर खोकल्यासारखे. म्हातारंच झालं होतं ते वाद्य, त्याच्याबरोबर, आमच्याबरोबर. पण हा सूर म्हातारा नव्हता. त्या झडपेआड कधी हवा गेली नव्हती, कधी बोट पोचलं नव्हतं. लहान मुलाने दारातून हाक मारावी तसा तो स्वच्छ, उंच वाजला. लोकांच्या माना एकेक करून वर आल्या. बँडमास्तरांची काठी हवेत तशीच. दादाने बोट उचललं नाही. भाता उघडत गेला, उघडत गेला, हात पुरेनात तिथपर्यंत उघडला, आणि सूर संपला. पुढचं गाणं कुणी वाजवलंच नाही. टाळ्याही कुणी वाजवल्या नाहीत. वहिनीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

टिंग्याला चौघांनी उचलून, तसाच हात पसरलेला, डॉक्टरांकडे दिला. मी धावत मागच्या खोलीत गेले. दादा एका स्टुलावर बसला होता, अकॉर्डियन मांडीवर. त्याच पट्टीवर बोट ठेवून हळूच वाजवत होता. शेजारचा रे वाजवायचा, घोगरा, मग हा. पुन्हा रे, पुन्हा हा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पट्ट्यात मुरत होतं.

"दुखतंय का रे?" मी विचारलं.

"छबे," तो म्हणाला, "ऐक गं याला. याला अजून काहीच माहीत नाही. आई गेली, माहीत नाही. बाबा गेले, माहीत नाही. याला वाटतंय, बाबा समोरच बसलेत."

मी त्याच्यापाशी जमिनीवर बसले. मग म्हटलं, "सांग मग त्याला."

दादाने नाक पुसलं. भाता थोडा उघडला.

"सांगतो," म्हणाला. "पण हळूहळू सांगायला लागेल गं. लहान आहे तो."